पुढच्या खोलीत जाऊ नकोस

दूध तापवून ठेवलंय. मांजर शेजारी पोचवली. तुझी गादी स्वयंपाकघरात टाकलीय. पुढच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली मी बरोबर नेतेय.

दादा, रस्त्याकडची भिंत सकाळी आत फुगून आली. हात ठेवला तर ओली लागते, आणि आतून माती गळल्याचा आवाज येतो. चुन्याच्या भिंतीला तू ऑइलपेंट फासलास, सगळी ओल आतच कोंडली. मला बरं वाटावं म्हणून केलंस, ठाऊक आहे. पण आता खिडकीतून शिरून रंग खरवडायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. भिंत अंगावर येईल.

मिस्त्री म्हणतो, "ताई, ऐतिहासिक घर तुमचं. परवानगी आणा, मग टेकू लावतो. नाहीतर मला आत टाकतील." परवानगी देणारे साहेब फोन उचलत नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन बसतेय. हाकललं तर पाया पडेन, पण सही घेतल्याशिवाय उठणार नाही.

"विकून मोकळी हो" असं आज तरी म्हणू नकोस. आत्याने घर मला दिलं तेव्हा एकटी बाई काय सांभाळणार म्हणून सगळे हसले होते. ही भिंत गेली तर वरचा मजला खाली बसेल. मला दुसरं काहीच नाही रे.

जेवून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

तू रंग दिलास त्या संध्याकाळी मी शेजारणीला मुद्दाम बोलावून ती खोली दाखवली होती.