शोभाच्या आवाजाले ऑर्केस्ट्रा

२ फेब्रुवारी
निर्णय पक्का. शोभाच्या जुन्या कॅसेटमधून तिचा आवाज काढायचा अन् त्याले नवीन ऑर्केस्ट्रा लावायचा. चौदा एप्रिलले विहारात वाजवायचं. याचा अन् मले घरात करमत नाही याचा काही संबंध नाही. बायको जाऊन दोन वर्षं होत आली, मी पूर्ण सावरलेला माणूस आहो. हे समाजासाठी आहे.

५ फेब्रुवारी
नंदनवन एरियात सुशीलच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलो. त्यानं कम्प्युटरवर माझी हार्मोनियम, ढोलक, कोरस, सगळं पुसलं. उरली नुसती शोभा. हेडफोन लावला तर अगदी कानाजवळ गायले लागली, ‘पाटी हाती दिली, बाबा, पाटी हाती दिली.’ शब्द माझे, चालही माझीच. मी हेडफोन काढला. सुशीलले म्हटलं, तुझा एसी फार आहे बुवा, बाहेर बसतो.
सुशील म्हणे, काका, हे असंच राहू द्या, काही लावूच नका. आजकालच्या पोरांले अरेंजमेंटमधलं काय समजते!

१९ फेब्रुवारी
एक प्रॉब्लेम आहे. प्रत्येक ओळीनंतर शोभा थांबते. तिथं कांताबाई अन् आमच्या गायन मंडळातल्या बाया ओळ उचलायच्या. शोभा मलेही म्हणायची, "तुम्हीबी म्हणा ना जी." मी कसा म्हणू? मी म्युझिक डायरेक्टर. कोरसमध्ये बसलो तर मंडळात इज्जत काय राहीन?
आता कोरस पुसला. त्यामुळे ती गाते, थांबते अन् वाट पाहत राहते. फार रिकामं लागते. प्रोफेशनल कामात असं चालत नाही. सगळ्या गॅपमध्ये व्हायोलिन भरतो.

८ मार्च
व्हायोलिन भरले. तरी रिकामंच. बासरी घातली.

२३ मार्च
सेलो. ट्रम्पेट. पुन्हा व्हायोलिन. सुशील म्हणे, काकूंचा आवाज दबून राहिला. म्हटलं, दबत नाही गा, मिसळते. आता पूर्ण गाणं ऐकलं तरी मले काहीच होत नाही. म्हणजे अरेंजमेंट जमली.

२ एप्रिल
कांताबाई घरी आल्या. शोभासोबत जन्मभर कोरस केला त्यांनी. विचारत होत्या, आम्ही कुठी उचलायचं? सांगितलं, यंदा तुम्हाले आराम, पहिल्या लाइनीत बसून ऐका फक्त. त्यांनी चहा अर्धाच पिऊन ठेवला. नवीन गोष्ट पचत नाही लोकांले.

१५ एप्रिल
कालचा कार्यक्रम जबरदस्त झाला. टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीनंतर मंडळातल्या बायांनी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रम्पेट आला. दुसऱ्या ओळीले उघडलं तर व्हायोलिन. मग त्यांनी पांढऱ्या साडीचे पदर सावरले अन् चूप बसल्या.
नंतर कांताबाई माझ्याजवळ आल्या. मले वाटलं, अभिनंदन कराले आल्या. म्हणाल्या, "नागसेनभाऊ, बाजा लय छान होता. पण शोभा कुठी होती जी?"
घरी येऊन पुण्याले मेघाले फोन लावला. म्हटलं, कांताबाईचे कान तपासा लागते. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत मलेही आई ऐकू नाही आली.
मोबाइलचा स्पीकर. दुसरं काय!

१७ एप्रिल, दुपार
सुशीलकडून शोभाचा नुसता आवाज पेन ड्राइव्हवर आणला. टेक्निकल चेकिंगसाठी. खडखड करते म्हणून कूलर बंद केला अन् लावलं.
‘पाटी हाती दिली, बाबा, पाटी हाती दिली.’
थांबली.
घरात कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं, आज उचलू. पण पहिला शब्द निघायलेच वेळ लागला, अन् मी अर्ध्यात पोचलो तर ती पुढच्या ओळीवर निघून गेली होती. मागं घेतलं. पुन्हा तेच. घामानं बनियान ओली झाली. ऊन उतरलं तरी मी तिच्या मागंच.
चूक तिची आहे. थांबते, पण पुरेसं थांबत नाही. घाईची सवय तिले पहिल्यापासूनच.
उद्या सुशीलले सांगतो, तेवढा गॅप वाढवून दे म्हणून.