धुऱ्यावरच्या वांग्याचं भरीत

उर्वशी,

तू कॉलेजातून येशीन तवा मी यवतमाळले दवाखान्यात, तुह्या बाबापाशी असीन. एसटी आली म्हणून भरीत अर्धंच राह्यलं. वांगे चुलीत राखेखाली भाजाले टाकले हायेत. साल काढ, हातानंच कुस्कर, पातीचा कांदा न् मिरच्या टाक, वरून जवसाचं कच्चं तेल. भाकरी टोपल्यात हायेत. डबा घेऊन दुपारच्या गाडीनं ये.

फवाऱ्याचं औषध अंगात गेल्यापासून बाबानं काल पहिल्यांदा काही मांगितलं. त्याइले अजून नीट दिसत नाही, पण भरीत पाह्यजे म्हणे, तेही आपल्या वावराच्या कडेच्या, धुऱ्यावरच्याच वांग्याचं.

वांग्याइले औषध लागलं असन म्हणून भेऊ नको. बोंडअळी हटत नव्हती म्हणून ते पऱ्हाटीवर फवारा मारत होते, तवा मी वांग्याच्या झाडाइवर माह्यं जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. दरसाल टाकतो. झाडं चारच, म्हणून अर्धं लुगडं उरलं. ते घडी करून धुऱ्यावर ठेवलं. त्याइच्या नाकातोंडाले बांधाले फाडून द्यावं, हे काही मले सुचलं नाही.

आई