दात आधी की कॅमेरा

३ फेब्रुवारी २००४
पुन्हा रिकाम्या हाताने! हे कॅमेऱ्याच्या दुकानात दोन तास बसून आले आणि पिशवीत काय, तर माहितीपत्रक! "अगं, आज तीन मेगापिक्सेलचा घेतला तर मूर्ख ठरू. जूनमध्ये त्याच किमतीत चारचा येतोय." सासूबाई ठेवणीतली शाल पांघरून खुर्चीत तयार बसल्या होत्या. शालीची घडी करून माझ्या हातात दिली. बोलल्या काहीच नाहीत.

४ फेब्रुवारी
बोलल्या! जप अर्ध्यावर टाकून बोलल्या. "ऐंशीची झाले, पण हसतानाचा एक फोटो नाही माझा. आमच्या वेळी सुनेनं दात दाखवायचे नाहीत. सगळ्या फोटोंत ओठ शिवल्यासारखी बसलेय. माझ्या आईच्या पुढच्या दातांत अश्शीच फट होती गं. तिचा तर फोटोच नाही."
मग स्टुडिओत जाऊ या म्हटलं. "परक्या माणसासमोर दात काढू?"
मीही जास्त आग्रह केला नाही. घरचा कॅमेरा येणारच आहे, तर दुहेरी खर्च कशाला?

२० जून
चारचा आला. ह्यांना आता पाचचा हवा. "डिसेंबरपर्यंत कळ काढ."
ह्यांच्या सल्ल्याने खालच्या वहिनींनी कॅमेरा घेतला, वरच्या मास्तरांनी घेतला. अख्ख्या इमारतीत ह्यांना विचारल्याशिवाय कोणी घेत नाही. वहिनींचा उसना आणू का म्हटलं, तर केवढ्याने ओरडले — "तीनचा? माझ्या आईचा फोटो तीनमध्ये?" जसं काही मी त्यांच्या आईला शिळं वाढत होते!

२१ जून
मी मॅट्रिकच, पण एवढं गणित मलाही येतं. जितकं थांबावं तितकं चांगलं आणि स्वस्त. म्हणजे मेल्यावर फुकट.

९ सप्टेंबर
सासूबाईंचा खालचा एक दात गेला. उकडलेल्या बटाट्यात! पुढचे वरचे दोन अजून आहेत, देवाची कृपा.
ह्यांनी विचारपूस केली. म्हणाले, "काळजी करू नकोस आई, आता फोटोतले दात कॉम्प्युटरवर पांढरे करता येतात."
"असलेले पांढरे करशील रे. नसलेले कुठून आणशील?"
हे विचारात पडले. बहुधा तशी सोय कुठल्या मॉडेलात येणार, याच्या!

२ डिसेंबर
दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. पुढचे दोन्ही हलतायत, हिरडीत पू आहे. सोमवारी काढायचे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "थोडं थांबलं तर?" डॉक्टर म्हणाले, "आजी, आधीच फार थांबलात." घरी येईपर्यंत तोंडावर पदर.
ह्यांना सांगितलं. ऐकलं, उठले, चपला घातल्या आणि — देवा! — कॅमेरा घेऊनच आले.

४ डिसेंबर
खोका टेबलावर आहे. उघडत नाहीत!
दुकानदार म्हणालाय, सील शाबूत असेल तर पंधरा दिवसांत परत घेऊ. आणि महिनाअखेर सहाचा येतोय म्हणे. मी म्हटलं, अहो, सोमवारी दात जातायत! तर म्हणाले, "कवळी बसवू ना, छान दिसेल. सील फोडलं की निम्मी किंमत गेली. हे तुला तरी कळायला हवं, घरचा हिशेब तू ठेवतेस."
हे असलं बोलणं ते माझ्याकडूनच शिकलेत. सोफ्याचं प्लास्टिक सहा वर्षं काढू दिलं नव्हतं मी.

५ डिसेंबर
सासूबाई दोनदा शाल पांघरून बसल्या. दोनदा उठल्या. रविवार संपला.

६ डिसेंबर
पहाटे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि भाजीच्या सुरीने सील कापलं. सेल घातले. कॅमेरा उलटा धरला गेला — पहिला फोटो माझ्याच नाकाचा! तो बघून सासूबाई जे हसत सुटल्या, तोच दुसरा. जरा हललाय. पण फट स्पष्ट दिसतेय. डॉक्टरांकडे अकराला जायचंय.
हे अजून झोपलेत. झोपू देत.