मल्हारीची सुई आधी

हैदराबाद,
९ फेब्रुवारी १९९९

ती. आक्कास,
बेबीनंदाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. खानावळीचा भात खाऊन कंटाळले, म्हणून खोलीवर भाकरी थापायला लागले आहे. शेजारची तेलुगू बाई ते बघायला दारात येऊन उभी राहते.

प्रयोगशाळेचं चालू आहे. लोकांच्या रक्तातून आईबापाचं लेकरात काय उतरतं ते शोधायचं, हे आमचं काम. पण सध्या लिहिण्यातच दिवस जातो. अशा संशोधनाचे नियम ठरवायला दिल्लीत एक समिती नेमली आहे आणि मसुदा माझ्याकडे आलाय. सगळं एका कलमावर अडलंय. तपासणीत दोष दिसला, तर ज्याचं रक्त त्याला सांगायचं की नाही? मागच्या बैठकीत एक मोठे शास्त्रज्ञ म्हणाले, "खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळणार? उगीच धास्ती घेतील आणि पोरींची लग्नं मोडतील." मी गप्प बसले. पहिलं वाक्य मला पटलं नव्हतं, पण दुसरं खोटं नव्हतं.

मल्हारीला दादाची सगुणा करायची ठरली, हे तू किती हौसेनं लिहिलंस! लहानपणापासून दोघं एकमेकांना ओळखतात, मामाच्याच घरची पोर, तुला सून म्हणून लेकच मिळणार. अभिनंदनाचं पत्र लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले.

आता लिहितेच. दिवाळीनंतर एका प्रयोगासाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. कोण कुठं शोधणार, म्हणून मी माझंच दिलं. ते निरोगी निघालं नाही. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही, होणारही नाही. हा दोष एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आला तर माणूस धडधाकट जगतं. दोघांकडून आला, तर लेकराचं रक्तच टिकत नाही. लेकरू पांढरं पडत जातं, पोट फुगतं. नवरा-बायको दोघांत दोष असेल, तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला चारात एक वेळा हा धोका असतो.

आक्का, दादाचा भुजंग तिसऱ्या वर्षी कसा गेला, ते तू पाहिलंस. वहिनी आपल्याच मामाची मुलगी. जो दोष माझ्यात, तो तुझ्या आणि दादाच्या मुलांतही असू शकतो.

लग्न मोडा असं मी म्हणत नाही. फक्त आधी तपासा. आणि एक ऐक. मल्हारीची सुई आधी. त्याच्यात काही निघालं नाही, तर सगुणाच्या अंगाला कुणी हात लावायचं कारणच नाही. पोरीचं आधी तपासलं आणि काही निघालं, तर गाव तिला जन्मभर सोडणार नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी होते. सोबत डॉक्टरांसाठी चिठ्ठी ठेवली आहे.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल. पण गप्प बसू नकोस.

तुझी,
बेबी


वाटूर,
१४ मार्च

चि. बेबीस,
आक्काचा आशीर्वाद.

पत्र वाचलं आन् दोन दिवस फडताळात सारून ठेवलं. तुझ्यावर राग आल्ता, खोटं कशाला सांगू. साखरपुड्याचं लुगडं आणून ठेवलं होतं. मंग मल्हारीलाच पत्र वाचाय दिलं. तो म्हणला, "मावशीनं बराबर लिव्हलं. चल."

औरंगाबादला गेल्तो. कागद आला. हाय त्याच्यात.

मंग आम्ही घनसावंगीला गेलो. दादा ओसरीत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत मल्हारीनंच सगळं सांगितलं. दादा भडकला. "माझ्या पोरीत खोट काढाय आले का?" मल्हारी म्हणला, "मामा, तुमच्या पोरीला कोणी तपासलं बी न्हाई. खोट माझ्या रक्तात हाय, म्हणून लग्न मीच मोडतोय, तिला तपासायची गरज बी न्हाई. लग्न का मोडलं असं कोणी इचारलं तर माझं नाव सांगा." दादा उठून रानात गेला. अजून आमच्याशी बोलत न्हाई. सगुणा दाराआडून ऐकून राह्यली होती. तिनं मल्हारीला पाणी आणून दिलं. दोघं बी रडले न्हाईत. मलाच रडू आलं.

निघताना तुझी वहिनी, पुष्पा, बाहेर आली. हाताला पीठ तसंच. म्हणली, "आक्का, मंग माझा भुजंग कशानं गेला?"

तुला आठवतं ना, आपली आई काय म्हणायची? ही बाळंतीण असून ओल्या केसानं लिंबाखाली उभी राह्यली, म्हणून पोराला बाहेरचं लागलं. सणावाराला, चार बायांत, मरेपर्यंत म्हणली. पुष्पानं कधी उलटून उत्तर दिलं न्हाई.

मला तिला सांगता येईना. तू शिकलेली हायस, तू लिही. तिला वाचता येतं.

आक्का


हैदराबाद,
२ एप्रिल १९९९

सौ. पुष्पावहिनींस,
बेबीनंदाचा नमस्कार.

तुम्हाला मी कधी एकटीला पत्र लिहिलं नव्हतं. दादाच्या पत्रात शेवटी "वहिनींना नमस्कार" एवढंच असायचं.

आक्काला तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर देते. भुजंगला रक्ताचा आजार होता. तो पोटातूनच घेऊन आला होता. अर्धा तुमच्याकडून, अर्धा दादाकडून. दोघांनाही माहीत नव्हतं आणि त्या काळी आपल्याकडच्या डॉक्टरांनाही ओळखता आला नाही. तुम्ही लिंबाखाली गेला नसता, तरी तेच झालं असतं. तुम्ही त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत जगवलंत. दूध पाजून, कडेवर घेऊन, दवाखाने करून. दादाकडे तो दोष आईकडून आला. मलाही तिच्याकडूनच. तिलाही ते कळलं नाही.

सगुणाला तपासायचं असेल, तर तिनं स्वतः मला कळवावं. कागद तिच्या एकटीच्या हातात पडेल. काय करायचं ते ती ठरवेल.

परवा दिल्लीहून आले. अशा रक्ततपासणीचे नियम तिथं ठरताहेत. मागच्या बैठकीत मी गप्प बसले होते, या वेळी बोलले. नाव न घेता तुमची हकिकत सांगितली. म्हटलं, एका बाईनं लेकरू गेल्याचा ठपका वीस वर्षं सोसला, कारण तिला सांगायला कुणी नव्हतं. खेड्यातल्या माणसाला काय कळणार, असं मागे म्हणालेल्या शास्त्रज्ञांनी मसुदा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "लिहा." आता नियमात आहे की ज्याचं रक्त, त्याला विचारायचं आणि हवं असेल तर त्याच्या भाषेत, त्यालाच सांगायचं. वर काय मंजूर होईल ते माहीत नाही.

वहिनी, भुजंग गेला यात तुमची काही चूक नव्हती. हे आईनं म्हणायला हवं होतं. ती आता नाही. तिच्या वतीनं मी तुमच्या पाया पडते.

तुमची नणंद,
बेबीनंदा