एर्मिंदाने टाकी मागे नेली

एस्पान्योला,
मंगळवार, २८ एप्रिल २०१५

प्रिय बेनेरितो,

गुडघा फार त्रास देत नसेल आणि तिकडे प्वेब्लोला तुझी सून मिरचीत हात आखडता घेत नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. पाटाची साफसफाई झाली. तुझ्या वाटणीचं खोदकाम यंदाही मीच केलं. उपकार म्हणून नाही, तुझ्या पाण्यावर कोणी हक्क सांगू नये म्हणून. गेल्या आठवड्यातल्या गारठ्याने जर्दाळू मात्र सगळे गेले.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर एर्मिंदाचं नाव काढलं की तू हवापाण्यावर घसरतोस, आणि मग मीही घसरतो. म्हणून कागद घेऊन बसलोय. पंधरा मेला शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा दिवस आहे. दरवर्षीसारखे फादर चर्चच्या अंगणात ट्रॅक्टर आणि गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतील. यंदा त्या रांगेत तुझी सहासष्ट सालची पिकअप असणार आहे, आणि ती तुझ्या मुलीने उभी केली आहे. तू यावंस म्हणून हे पत्र. सहा वर्षं झाली तू तिच्याशी बोलला नाहीस. आईच्या, लुगार्दाच्या अंत्यविधीला पोर शेवटच्या बाकावर उभी होती आणि तू तिच्यासमोरून निघून गेलास. मी पाहिलं होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती अल्बुकर्कीहून आली. तिथे ती दूध डेअरीच्या मोठमोठ्या टाक्या वेल्ड करते, तिच्या हाताखाली आठ माणसं आहेत. दारातच आपल्या या धर्मपित्याला म्हणाली, "पाद्रिनो, बाबांची गाडी आहे ना अजून?"

म्हटलं, "मागे ताडपत्रीखाली आहे. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात."

"मग त्यांना आता दुसरं घर बघायला सांगा."

त्या दिवसापासून दर शनिवार-रविवार ती माझ्या गॅरेजमध्ये. मी बेचाळीस वर्षं या खोऱ्यातल्या शौकिनांच्या गाड्या खाली बसवून जमिनीला टेकवल्या आहेत, पण असं काम माझ्या हातून झालेलं नाही. हे मी लिहितोय, म्हणजे विचार कर.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या अपघातानंतर मी जुनी टाकी परत होती तिथेच, सीटच्या मागे बसवून ठेवली होती. पेट्रोलचा तोच तो वास. लुगार्दा बिचारी सांता फेपर्यंत नाकाला रुमाल लावून बसायची, आठवतं? आणि पाठीला टेकून वीस गॅलन पेट्रोल. म्हणून तर आपण तेव्हा टाकी मागे हौद्याखाली न्यायला निघालो होतो. पण इतक्या खाली बसवलेल्या गाडीत मागे जागा असते कुठे? वर हौद्याची फळी, खाली वीतभरावर रस्ता, पुढे एक्सल नाचतोय, बाजूने सायलेन्सरचा पाइप. या सगळ्यात टाकी कोंबायची म्हणजे भरल्या कपाटात आणखी एक गादी घालण्यासारखं.

तिने काय केलं? आधी पुठ्ठ्याची टाकी केली. कात्री, चिकटपट्टी, आणि तास न् तास गाडीखाली आडवी. मी म्हटलं, "आम्ही नजरेने मापं घ्यायचो."

"दिसतंय," ती खालून म्हणाली.

तेव्हा आपण मापं घेतली होती गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून, मागची चाकं लोंबकळत असताना. किती जागा दिसत होती! ही बाई म्हणाली, चाकं जमिनीवर हवीत, आणि गाडी भरलेली हवी. सिमेंटच्या गोण्या आणतो म्हटलं तर ऐकेना. "गोण्या नाही, माणसं. सणाला या हौद्यात माणसंच बसणार." आणि तडक चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन सहा बायकांना घेऊन आली. त्यांतली प्रेसिला राणीसारखी पुढे बसली, मांडीवर बीन्सचं भलंमोठं पातेलं.

प्रेसिला विचारते, "अगं, आमची वजनं लिहून घेणार आहेस की काय?"

"नाही मावशी, फक्त हलून बसा."

"हलायला जागा ठेवलीस कुठे?"

सगळ्या हसायला लागल्या तशी गाडी वरखाली व्हायला लागली, आणि एर्मिंदा खाली टेप धरून ओरडतेय, "हां, अशाच हसा, थांबू नका." एक्सल किती वर येतो ते तिने त्या हसण्यावर मोजलं. पुठ्ठ्याला पुढच्या बाजूने चांगलाच चेप बसला होता. पुठ्ठ्याऐवजी पत्रा असता तर फाटलाच असता. तिने टाकी तीन इंच मागे घेतली आणि खालून जाड पट्ट्यांचा पाळणा केला, टाकीपेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे रस्ता लागलाच तर आधी पाळण्याला लागेल.

पेट्रोल भरायचं तोंड कुठे काढायचं यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, हौद्याच्या कडेला भोक पाडू, सगळे तिथेच पाडतात. त्या कडेवर तू लुगार्दासाठी रंगवलेले गुलाब आहेत. ती म्हणाली, "बाबांच्या ब्रशवर मी करवत चालवणार नाही." मग तिने हौद्याच्या तळाची एक फळी बिजागरीवर घेतली. फळी उचलायची, खाली झाकण. हवा जायची नळी अशी वर वळवून नेली आहे की गाडी उतारावर उभी असली तरी थेंब बाहेर येत नाही. फळी मिटली की काही काम झालंय असं कोणाला कळणारही नाही. मी तिथे उभा राहून पाहत राहिलो. माझे डोळे भरून आले, आणि मी धुराला दोष दिला.

आता जे लिहायचं टाळत पातेल्यापर्यंत आणि पुठ्ठ्यापर्यंत गेलो, ते लिहितो.

एर्मिंदाने आणि मी मिळून मागे वेल्ड केलेली टाकी सहा वर्षांपूर्वी पुलाच्या चढावर खड्ड्यात सुटली, रस्त्यावर ठिणग्या उडाल्या, आणि लुगार्दाने घाबरून चालत्या गाडीतून उडी मारून मनगट मोडून घेतलं. तू तसाच माझ्या गॅरेजात आलास. चार गिऱ्हाइकं उभी होती. एर्मिंदा उभी होती. तू विचारलंस, "डावीकडचं वेल्डिंग कोणाचं?" मी काही बोललो नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं. तेवढं पुरलं. तू तिला म्हणालास, आईच्या जिवावर उठलीस, पुन्हा माझ्या घरातल्या लोखंडाला हात लावू नकोस. ती बावीस वर्षांची होती.

डावीकडचं माझं होतं, बेनेरितो. घाई होती, खालचा जुना रंग न घासता तसाच टाका मारला. तिची उजवी बाजू पांढरी होईपर्यंत घासलेली होती आणि ती शेवटपर्यंत धरून राहिली. म्हणूनच टाकी पूर्ण पडली नाही. तुम्ही दोघं वाचलात ते तिच्यामुळे.

गेल्या रविवारी पहिल्यांदा टाकी भरली. तिने खाली कोरडा कागद पसरून तासभर ठेवला, एक डाग नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तेव्हा कोणाचं तुटलं होतं, ठाऊक आहे तुला?"

ती हात पुसत होती. "त्याच दिवशी कळलं, पाद्रिनो. पुलावरून तुटलेली पट्टी मीच उचलून आणली. तुम्ही डावखुरे, तुमच्या वेल्डिंगच्या टाक्याची लाट उलटी पडते."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा माझ्यावर कितीही रागावले तरी मी त्यांची मुलगीच राहणार होते. तुमच्यावर रागावले असते तर तुम्ही त्यांचे कोण राहिला असता? त्यांना दुसरा मित्र आहे का?"

सहा वर्षं मी तुझ्याबरोबर जेवलो, पत्ते खेळलो, लुगार्दाची शवपेटी खांद्यावर घेतली. ते सगळं तिच्या गप्प बसण्यावर. मला माझी लाज वाटते.

हे तुला कळवू नका असं तिने मला बजावलं आहे. म्हणते, जे आहे ते राहू द्या, त्यांचं वय झालं. ती तुझीच मुलगी आहे, हट्टी. मी ऐकलं नाही.

पंधरा तारखेला सकाळी दहाला गाडी अंगणात येईल. चालवणार ती आहे. शेजारी बसा म्हणून तिने मला सांगितलं, मी नाही म्हटलं. ती जागा तुझी आहे. मला समोर बघणं तुला जमणार नसेल, तर काळजी करू नकोस. मी त्या दिवशी घराबाहेर पडणार नाही, दार लावून बसेन. पण तू ये. आधी तिला फोन कर. नंबर मागे लिहिला आहे.

तुझ्या मुलीच्या नावावर आपली चूक खपवणारा,

फाकुंदो