उत्तर वाचून दाखवायचं

फुलसावंगीजवळचा तांडा,
ता. २६ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. रत्नप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

नवऱ्यानं आशीर्वाद लिहिले की तुला हसू येतं, ठाऊक आहे. या खेपेस आधीच हसून घे.

मी खुशाल आहे. कपाशी फुटली, त्यामुळे निम्मी पोरं वेचणीला जातात. आईचा गुडघा कसा आहे? बाळाला दात आला का? प्रत्येक पत्रात तू बदलीचं विचारतेस आणि मी हवापाणी कळवतो. आजही आधी थोडं शाळेचंच.

इथल्या बंजारा पोरांच्या घरी त्यांची गोरबोली, शाळेत आपली पुस्तकी मराठी. ‘माझी गाय’ लिहा म्हटलं की पाटी कोरी. एकदा तांड्याचा प्रमुख भावसिंग नायक याच्या पंचायतीत जाऊन बसलो. तिथे कोणीही तक्रार मांडतो, आणि ज्याच्यावर तक्रार त्याला सर्वांसमोर उत्तर द्यावं लागतं. तोवर त्याला उठता येत नाही. तीच रीत वर्गात आणली. तक्रार करा, कोणावरही, पण लिहून. उत्तरही लिहूनच, आणि वाचून दाखवायचं.

हंसा नावाच्या पोरीनं पहिली तक्रार आईवर लिहिली: ‘माझी बकरी मले न विचारता विकली.’ तिची आई लालीबाई डोक्यावर भारा घेऊन शाळेत हजर! लिहिता येत नाही म्हणून उत्तर हंसाकडूनच लिहून घेतलं, ‘पुढचं करडू तुयं’ असं कबूल केलं आणि गेली. तेव्हापासून पोरं पाटी सोडेनात. गुरुजी दुपारी पेंगतात अशीही एक तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

आता बदलीचं सांगतो. माझी आपल्या यवतमाळला बदली झाली होती. दिवाळीला अचानक दारात उभं राहावं म्हणून तुला कळवलं नाही. पोरांना मात्र सांगितलं, माझ्या घरच्या बाई तिकडे वाट पाहतात. पोरांनी गुपचूप शाळाखात्याच्या साहेबांना तक्रार धाडली: ‘गुरुजी आमचं लिहिणं अर्धं टाकून चालले. आमचं ऐका, मगच त्यांना सोडा.’

साहेबांनी मला विचारलं: एवढी लहान मुलं असं लिहीत नाहीत, तुम्हीच लिहून दिलं असेल तर कळवा, समज देऊन बदली कायम ठेवू. मुलांचंच असेल, तर असा मास्तर तिथेच हवा, बदली रद्द.

रत्ना, एका ओळीचं खोटं लिहिलं असतं तर घरी आलो असतो. ती ओळ लिहिलीही होती. एवढ्यात दारातून हंसा म्हणाली, “गुरुजी, सायबाले काय उत्तर लिवलं? वाचा ना.” मागे सगळा वर्ग मांडी घालून बसलेला. कागद फाडला. त्यांच्यासमोर दुसरा लिहिला आणि वाचला: तक्रार मुलांचीच आहे.

पोरं नाचली. मला मात्र राग आला, त्यांचा, साहेबांचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा. वाईट शिकवलं असतं तर सुटलो असतो गं! दिवाळीनंतर माहेरी जाईन असं तू लिहिलंस, ते मी थट्टेवारी नेत नाही. तुला इकडे ये म्हणावं, तर आईला कोण?

सगळे गेल्यावर हंसा रेंगाळली. “गुरुजी, पन बाईची तक्रार कोन आयकनार?”

‘मीच,’ म्हणालो आणि हा कागद काढला. म्हणून तूच लिही, माझ्यावर, काही राखू नकोस. ज्याच्यावर तक्रार, त्याला उत्तर देईपर्यंत उठता येत नाही, हा नियम आता मलाही आहे.

तुझ्यापुढे बसलेला,
मधुसूदन