महानियंत्याचा उजवा हात

सोमवार, ता. ९. सकाळ.
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात. येत्या शुक्रवारी खालच्या शहराची हवा बंद करायची. माझ्या तसबिरीची मिरवणूक जाते तेव्हा ते लोक बसूनच राहतात. धडा शिकवलाच पाहिजे. हवेचे सगळे पंखे एका यंत्रावर चालतात आणि ते यंत्र माझ्या उजव्या अंगठ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. उगाच नाही मला महानियंता म्हणत. (पदवी मीच घेतली. पण शोभते.)

दुपार.
एवढा मोठा दिवस, आणि कौतुकाला आपलं म्हणावं असं माणूस नाही. सेनापती होयबा. इंजिनिअर भित्रा. विश्वास ठेवावा तर स्वतःवरच. म्हणून ठरवलं, कालयंत्रातून मलाच आणायचं. पंचविशीतला मी, खालच्या शहरात पंखे दुरुस्त करायचो तो. वैभव बघून दिपून जाईल. त्यालाच माझा उजवा हात करीन.

मंगळवार, ता. १०.
आणला. मी इतका बारीक होतो? नखांत ग्रीस. संगमरवरी जिना बघितलाच नाही. आधी विचारलं, ताई कुठे आहे. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच वाढवलं. मी म्हटलं, खाली, जुन्याच खोलीत, मजेत. यात खोटं काही नाही. शुक्रवारपर्यंत मजेतच आहे.

बुधवार, ता. ११.
दाढी करताना त्याला हनुवटीवर कापलं. त्याच क्षणी माझ्या हनुवटीवर पांढरा, जुना व्रण उमटला. इंजिनिअर म्हणाला, "साहेब, त्याला लागलं की तुम्हाला पंचविशीतच लागलेलं असतं. जग आहे तसंच राहतं. तुमचं अंग आणि आठवणी तेवढ्या बदलतात." म्हणजे याला मारता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही. जावयासारखा सांभाळायचा.

संध्याकाळ.
आचाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने पोराला शुक्रवारचं सगळं सांगितलं.

गुरुवार, ता. १२.
पोराला शांतपणे समजावलं. ताईला वर राहायला यायचा पास मी दोनदा पाठवला होता. तिने परत पाठवला. निरोप दिला, सगळी गल्ली घेऊन येते, चालेल का. आता हट्टाला औषध नसतं. माझी काय चूक?
मग त्याने विचारलं, यंत्राचं बटण कुठल्या बोटाने दाबणार. शेवटी रस घेतला! अंगठा दाखवला. दुसरं बोट चालेल का, डावा अंगठा चालेल का, सगळं खोदून विचारलं. इंजिनिअर म्हणाला, नाही. मुलाला तांत्रिक डोकं आहे, अर्थात. उद्या सकाळी वर्कशॉप बघायचंय म्हणाला. परवानगी दिली. मन मोठं पाहिजे.

शुक्रवार, ता. १३.
अक्षर वेगळं दिसेल. डाव्या हाताने लिहितोय.
सकाळी वर्कशॉपमधून किंकाळी आली. धावलो. धावताना उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा नव्हता. रक्त नाही, दुखणं नाही, जुना गुळगुळीत खुंट. तो पत्रा कापायच्या मशीनपाशी बसला होता, पांढराफटक. रक्त सगळं त्याचं. इतका संताप आला की काय सांगू, पण मारणार कोणाला? तो गेला असता तर मीही गेलो असतो. माझाच रेशमी शेला फाडून मीच पट्टी बांधली.
"आता मला परत पाठव," तो म्हणाला. "ताई जेवायची थांबली असेल. सांगेन, पंख्यात हात सापडला."
पाठवला.
मग उरलेली नऊ बोटं यंत्राला लावून पाहिली. पायाचे अंगठेही. इंजिनिअर भिंतीकडे बघत होता.

शनिवार, ता. १४.
एका अपघाताने खचणारा मी नव्हे. सोमवारपासून नवी योजना. सेनापती, इंजिनिअर आणि आचारी रात्रीत खाली निघून गेले. बरं झालं, खर्च वाचला.
एक किरकोळ अडचण. परवापर्यंत नव्हत्या त्या आठवणी येताहेत. माझा बांधलेला हात मांडीवर, आणि ताई घास भरवतेय. कसं झालं, एका शब्दाने विचारत नाही. मग पाटी आणते, माझ्या डाव्या हातावर हात ठेवते आणि गिरवून घेते. कालपासून हे अक्षर ओळखीचं वाटत होतं. ते तिचं आहे.
सकाळपासून रडतोय. वाचणारं कोणी नाही म्हणून लिहिलं.
खाली हवा चालू आहे. सकाळपासून पोटात काही नाही. जिना उतरून गेलो तर तासाभरात तिच्या दाराशी पोचेन. दार वाजवलं तर ती उघडेल आणि आधी ताट वाढेल. तिची खोड मला माहीत आहे, म्हणून बसलोय इथेच.